खुर्चीतून न उठता अपंगत्व कसं मोजावं

समाजात अपंगत्व किती, कुठे आणि कोणाला, यावर तुम्हाला कायम नजर ठेवायची आहे ना? मग सर्वेक्षणाच्या नादी लागू नका. त्यात पैसा जातो, शिवाय माणसांशी बोलावं लागतं. पेन्शन खातं, शिक्षण खातं, रुग्णालयं, विमा, सगळ्यांकडे याद्या पडूनच आहेत. मागवा आणि बेरीज करा.

एकच मुलगा तीन याद्यांत तीन स्पेलिंगांनी सापडेल. खुशाल तिघे धरा. आणि जिचं नाव कुठेच नाही, ती बाई धडधाकट समजा. अर्ज द्यायला तिला जिना चढता आला नाही, हा तिचा घरगुती प्रश्न.

व्याख्यांचा बाऊ नको. शाळेच्या लेखी अपंगत्व म्हणजे वर्गात लागणारी मदत, विम्याच्या लेखी काम न जमणं, रुग्णालयाच्या लेखी निदानाचा कोड. सगळं एकाच रकान्यात भरा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली आयसीएफ या अपंगत्वाच्या वर्गीकरणात भोवतालच्या अडथळ्यांचाही विचार केला खरा, पण तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. विषय मिटला.

खरी गंमत आलेखात आहे. भत्त्याचे निकष कडक केले की अपंगत्व घटतं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं परिपत्रक! रेघ खाली आली की आरोग्य कार्यक्रमाचं यश म्हणून जाहीर करा. पुढे निकष सैल होऊन रेघ वर गेली, तर साथीचा संशय व्यक्त करून निधी मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १३० कोटी लोकांना, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांना, लक्षणीय अपंगत्व आहे. तुमची बेरीज २ टक्क्यांवर थांबली, तर तुमचे लोक भलतेच काटक.

कोणीतरी आगाऊ वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्व मोजायचे प्रश्न ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न काढेल: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची निगा, संवाद. ते प्रत्येक खात्याच्या अर्जात घाला, म्हणजे याद्या एकमेकींशी ताडता येतील, असं सुचवेल. वर एक नमुना सर्वेक्षण करून याद्यांबाहेर किती उरले तेही बघू म्हणेल. (सूचना बरी आहे, म्हणूनच सांभाळा.) त्याला उपसमितीत टाका.

शेवटी अहवाल. तो कागदावरून स्कॅन करून पीडीएफमध्ये टाका. नुसत्या चित्रातलं स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सहसा धड वाचता येत नाही. निदान तेवढ्या वाचकांकडून तरी हरकती येणार नाहीत.