‘७८०५ शिकवणं आता थांबवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचा मुद्दा असा, की ७८०५ ही स्थिर ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप म्हणजे जास्तीचे व्होल्ट जाळणारा रेझिस्टरच. बक कन्व्हर्टरचं (वेगाने चालू-बंद म्हणजे स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचं) मॉड्यूल स्वस्तात मिळत असताना मुलांना ही जुनी चिप कशाला शिकवायची?

उष्णतेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. १२ व्होल्टांवरून ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर करंट: साडेतीन वॅट नुसती उष्णता. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसेल तर टीओ-२२० नावाच्या आवरणातली चिप दर वॅटला साधारण ६५ अंशांनी तापते, म्हणजे थर्मल शटडाउन (अति तापल्यामुळे चिपने स्वतःला बंद करणं) ठरलेलाच. तिथे बकच लावा.

‘रेझिस्टरच’ हे मात्र अजिबात मान्य नाही. १०० मिलिअँपिअरला ७ व्होल्ट पाडायचे तर ७० ओहमचा रेझिस्टर लागेल. लोड (पुढचं सर्किट ओढतं तो करंट) १० मिलिअँपिअरवर उतरला की त्याच रेझिस्टरवर जेमतेम ०.७ व्होल्ट पडतात आणि पाच व्होल्टांच्या मायक्रोकंट्रोलरच्या वाट्याला ११.३ येतात. तो जागीच जातो. ७८०५ मध्ये आउटपुटचा ठरावीक हिस्सा आतल्या स्थिर संदर्भ व्होल्टेजशी सतत ताडून पाहिला जातो. लोड वाढून आउटपुट किंचित खाली आलं, की एरर अँप्लिफायर (हा फरक टिपणारा भाग) पास ट्रान्झिस्टरचा (ज्यातून लोडचा करंट जातो त्याचा) बेस करंट वाढवतो आणि आउटपुट पुन्हा जागेवर येतं. मुलांना शिकवायचं ते हे फीडबॅकचं काम. तुमच्या बकमध्येही तेच चालतं, फक्त तिथे ते स्विचिंगच्या आड दडलेलं असतं.

शिवाय रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर) आपल्याकडे १०० हर्ट्झचा रिपल येतो. इनपुटवर तो एक व्होल्ट असला तरी आउटपुटवर मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतो. अट एवढीच, की रिपलचा तळ ७ व्होल्टांखाली जाता कामा नये. चिपला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट लागतात, यालाच ड्रॉपआउट म्हणतात. कपॅसिटर लहान पडला की मल्टिमीटर आरामात ९ दाखवतो, तळ मात्र ६ वर गेलेला असतो आणि आउटपुटला दर १० मिलिसेकंदांनी खड्डा पडतो. ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय हे दिसत नाही. ‘सप्लाय ठीक आहे’ म्हणत कोडमध्ये चूक शोधत बसणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणि लिनिअर (७८०५सारखा, स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) म्हटलं की वीज वाया, असंही सरसकट नाही. ३.७ व्होल्टांच्या लिथियम सेलवरून कमी ड्रॉपआउटच्या रेग्युलेटरने ३.३ व्होल्ट घेतले तर कार्यक्षमता ८९ टक्क्यांच्या घरात जाते.

आता तुमचा बोर्ड. रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि सेन्सर एकाच बकवर आहेत आणि रीडिंग उड्या मारतं, असं तुम्हीच लिहिलंय. रिले बकवरच राहू द्या. सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलरला १२ व्होल्टांवरून थेट वेगळा ७८०५ द्या. बकच्या मागे लावू नका, कारण शेकडो किलोहर्ट्झचा स्विचिंग नॉइज ही चिप फारसा अडवत नाही. २० मिलिअँपिअरचा लोड आणि चिपचा स्वतःचा ५ मिलिअँपिअर धरून ०.२ वॅट होतात, हीटसिंकची गरज नाही. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड अगदी पायांजवळ जोडा, आणि रिलेची ग्राउंड वायर सेन्सरच्या ग्राउंडमधून न नेता वेगळी सप्लायपर्यंत न्या.