खरेदीचे व्यसन निगुतीने कसे जोपासावे

गरज नसताना खरेदी करण्याची सवय लागली आहे, अशी शंका आपल्याला येत असेल तर ती प्रथम मनातून काढून टाकावी. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच या अनिवार ओढीची नोंद केली होती, हे खरे. पण २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या सूचीत तिला स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळालेला नाही, आणि आपल्याला तेवढा आधार पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या सूचीत तिचा उल्लेख सापडतो, म्हणून ती सूची चाळू नये.

खरेदी शक्यतो रात्री उशिरा, मन उदास असताना करावी.

रोख रकमेला हात लावू नये. नोट हातातून सुटताना जीव थोडा कासावीस होतो आणि तेवढ्यात विवेक डोके वर काढतो. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सामन्याच्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक बोली लावली होती. हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा.

कार्डाचे बिल आले की फक्त किमान देय रक्कम भरावी. दरमहा ३ टक्के व्याज आणि ५ टक्के किमान भरणा धरला, तर नवी एकही खरेदी न करता कर्ज निम्म्यावर यायला अडीच वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तोवर मूळ रकमेपेक्षा जास्त पैसे भरून झालेले असतात. इतके दीर्घ नाते हल्ली कोण कोणाशी ठेवते?

कार्डाचा तपशील ॲपमध्ये कायमचा साठवून ठेवावा आणि तो काढण्याच्या भानगडीत पडू नये. परवा माझ्या बहिणीने हट्ट धरला म्हणून तिच्या फोनवर मी तो उद्योग केला. एकातून दुसऱ्या पानात शिरत अखेर ‘कार्ड काढून टाका’ ही फिकट करड्या अक्षरांतली ओळ सापडली. तिच्या डोक्यावर ‘राहू द्या’ हे भडक बटण होतेच. ओळ दाबताच ‘आपली खात्री आहे का?’ अशी पृच्छा झाली, होकार देताच सवलतीचे कूपन पुढे आले आणि त्याखाली सेकंद मोजणारे उलटे घड्याळ सुरू झाले! विकत घेताना मात्र एका स्पर्शात काम होते. तिथे कोणालाही आपल्या खात्रीची काळजी वाटत नाही. त्याच संध्याकाळी बँकेने तिची खर्चमर्यादा वाढवल्याचा संदेश पाठवला, तोही ‘अभिनंदन’ म्हणून. जी बाई स्वतःला आवरू पाहते आहे, तिच्या हाती आणखी उधारी कोंबणाऱ्यांना लाजलज्जा म्हणून काही आहे की नाही?

आलेली खोकी कपाटामागे दडवावीत आणि कोणी विचारलेच तर किंमत निम्मी सांगावी.

पण ती निम्मी का सांगावी लागते, हे कधी स्वतःला विचारलेत? जुनी खोकी न उघडता पडलेली असताना तुम्ही नवी ऑर्डर देता, ती वस्तूसाठी नव्हे, ती येईपर्यंतच्या हुरहुरीसाठी, हे तुम्हांलाही ठाऊक आहे. ॲप कावेबाज आहे, बँक लोभी आहे, कबूल. पण बिल न वाचता बाजूला सारणारा हात तुमचा आहे. प्रत्येक खरेदीपुढे त्या वेळची मनःस्थिती लिहा. कार्टमधली वस्तू निदान एक रात्र तिथेच राहू द्या. तेवढेही जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या संज्ञानात्मक वर्तनोपचाराने ही ओढ आटोक्यात येऊ शकते, आणि तिथे जाण्यात कसलीही नामुष्की नाही. त्याआधी घरच्यांना आकडा सांगा. निम्मा नव्हे, सगळा.