‘एम्प्टी’ खोडणाऱ्यांसाठी

आज आमच्या कार्यालयात एका नव्या मुलीने जेएसपी पानात (जावा प्रोग्रॅममधून वेबपान तयार करण्याच्या साच्यात) लिहिलेले ‘नॉट एम्प्टी’, म्हणजे ‘रिकामे नसेल तर’, वरिष्ठांनी खोडायला लावले आणि त्याजागी ‘एनई नल’, म्हणजे ‘नल नसेल तर’, लिहून घेतले (नल म्हणजे मूल्यच नसणे). कारण काय, तर म्हणे ते अधिक ‘प्रोफेशनल’ दिसते. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

मागे एका विमा कंपनीच्या कामात मी असताना, नॉमिनी नोंदवलेला नसेल तर पावतीवर तशी ठळक सूचना छापायची होती आणि अट लिहिली गेली होती ‘नॉमिनी ईक्यू नल’, म्हणजे ‘नॉमिनी नल असेल तर’. आता, फॉर्ममधला रकाना कोरा सोडला तरी ब्राउझर रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) पाठवतोच आणि रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल नव्हे. परिणामी ती सूचना कधी छापलीच गेली नाही. एक निवृत्त शिक्षिका पावती घेऊन आल्या आणि ‘नॉमिनी :’च्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, ‘इथे काही यायला हवे होते का हो?’ असे त्यांनी विचारले.

‘एम्प्टी’ हा एकच शब्द नल, रिकामी स्ट्रिंग, रिकामा अॅरे (मूल्यांची ओळ), रिकामी यादी, रिकामा मॅप (नाव-मूल्याच्या जोड्यांचा संच) हे सगळे एका दमात तपासतो. त्या बाईंची पावती त्याने सांभाळली असती. नुसत्या स्पेस टाइप केलेल्या असतील तर तोही फसतो, हे मान्य. त्या आधीच छाटाव्या लागतात.

जेएसपी पानातल्या अशा अटी ज्या छोट्या भाषेत लिहितात त्या एक्स्प्रेशन लँग्वेजमध्ये 2003च्या जेएसपी 2.0 पासून राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले) अवघे सोळा, आणि त्यांतला ‘इन्स्टन्सऑफ’ तर नुसताच राखून ठेवलेला. ‘एलटी’ (पेक्षा लहान), ‘अँड’ (आणि) हे चिन्हांऐवजीचे शब्द काही नवशिक्यांसाठी केलेले लाड नव्हेत; एक्सएमएल (खुणांच्या कडक नियमांची मजकूर-रचना) धाटणीच्या पानात उघडे < किंवा && चालत नाही, म्हणून ते आहेत. सगळेच गोड आहे असेही नाही. ‘+’ इथे फक्त बेरीज करतो, त्यामुळे ‘श्रीमती’ला नाव जोडायला गेलात की पान कोसळते, आणि 2013मध्ये त्यासाठी आणलेले ‘+=’ हे चिन्ह जावावाल्यांना हमखास चकवते, कारण जावात त्याचा अर्थ वेगळा आहे.

असो, आवाज थोडा चढला. त्या वरिष्ठांचा हेतू वाईट नसेल. पण शेरा मारण्यापूर्वी नॉमिनीचा रकाना एकदा कोरा ठेवून फॉर्म पाठवावा आणि पावती छापून पाहावी, एवढे तरी त्यांनी करायला हवे होते.