मोफत सॉफ्टवेअरची वर्गणी किती ठेवावी?

अभिनंदन! तुमच्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, संघटनेची घटना मंजूर झाली, बोधचिन्ह झालं, आणि आता कोणीतरी विचारलंच आहे की सदस्यांकडून वर्गणी किती घ्यायची. घाईघाईने खर्चाचा अंदाज काढायला बसू नका. सर्व्हर, वकील आणि कोडची देखभाल करणाऱ्या दोन मेंटेनरांचा पगार यांची बेरीज करून तिला सदस्यसंख्येने भागलं, तर आकडा लाजिरवाणा लहान येतो. लहान आकड्याच्या संघटनेला मोठ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत. म्हणून आधी आकडा ठरवा. खर्च मागाहून त्याच्या मापाचा होतो, त्याची काळजी नसावी.

आकडा काढायची रीत सोपी आहे. समोरच्या कंपनीतला उपाध्यक्ष वर कोणालाही न विचारता किती रकमेवर सही करू शकतो, याची चौकशी करा. खालच्या श्रेणीची वर्गणी त्या रकमेच्या जरा आत बसवा. वरच्या श्रेणीची मात्र इतकी ठेवा की प्रकरण थेट वरच्या मजल्यावर जावं. तिथे मग ‘एवढे मागताहेत म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार’ असं वाटतं. आणि पैसे मार्केटिंगच्या खात्यातून मागा. इंजिनिअरिंगवाल्यांकडे यासाठी तरतूद नसते, ते फक्त तुमचा कोड वापरतात.

श्रेणींना नावं धातूंचीच द्या. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठीशी असलेल्या लिनक्स फाउंडेशनने हा कित्ता घालून दिला आहे : प्लॅटिनमला वर्षाला ५ लाख डॉलर, गोल्डला १ लाख, आणि त्याखाली कर्मचारीसंख्येनुसार सिल्व्हर. खेळात तिसऱ्याला कांस्य मिळतं, इथे तिसऱ्याच्या गळ्यातही रौप्यच पडतं. मन असं मोठं असावं. प्लॅटिनमचा आणखी एक गुण म्हणजे त्यात जुनं वैरही विरघळतं. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. २०१६ च्या नोव्हेंबरात तीच कंपनी प्लॅटिनम सदस्य झाली. शिवी जाहीर होती, प्रवेशही जाहीर झाला, आणि हिशेबात कुठेच काही खटकलं नाही.

आता कंपनी मोठी की लहान, हे मोजायचं कशाने? माणसं मोजली, तर मोजक्या लोकांत अफाट कमावणारी कंपनी लहान ठरते आणि दिवसाच्या दराने माणसं भाड्याने देणारी थोर ठरते. उलाढाल मोजली, तर प्रत्येक वित्त विभाग ‘नेमकी कोणती उलाढाल?’ असं पत्र पाठवतो. शिवाय एखादा महाकाय उद्योगसमूह आपल्या सर्वांत चिमुकल्या उपकंपनीच्या नावाने अर्ज करणार, हे धरूनच चाला. त्यासाठी ‘संलग्न कंपन्या मिळून एक सदस्य’ हे कलम घालावं लागतं. ते जरूर घाला, पण जरा बारीक अक्षरात. प्लॅटिनमवाल्यांपैकी कोणी दुखावलं गेलं तर कलमाचा अर्थ लावायला तुम्ही आहातच.

एखादी भाबडी कंपनी म्हणेल, ‘पैशांऐवजी आमचे चार इंजिनिअर पूर्णवेळ देतो.’ सावध! एक्लिप्स फाउंडेशन या अशाच संघटनेने एके काळी धोरणात्मक, म्हणजे वरच्या श्रेणीच्या, सदस्यांकडून पैशांबरोबर डेव्हलपरही मागितले होते, म्हणजे ही कल्पना अगदीच परग्रहावरची नाही. पण चार इंजिनिअर आले की ते कोड लिहितात, कोड लिहिला की त्यांना मतं फुटतात, आणि परिषदेच्या सभागृहाचं भाडं कोडने भागत नाही. आभार माना आणि बँक खात्याचा क्रमांक द्या.

मग जागावाटप. इथे लाजू नका. प्रत्येक प्लॅटिनमला संचालक मंडळात एक खुर्ची, सगळ्या गोल्डना मिळून दोन-तीन, आणि साऱ्या सिल्व्हरसमूहाला मिळून एक. खुर्च्या मुद्दाम कमी ठेवल्या की मागणी वाढते : ओपनस्टॅक फाउंडेशन या आणखी एका संघटनेने २०१२ मध्ये प्लॅटिनमच्या जागाच आठ ठेवल्या होत्या. राहिले सुटे लोक, म्हणजे रात्री जागून पॅच, अर्थात कोडमधल्या दुरुस्त्या, तपासणारे. त्यांना वैयक्तिक सदस्यत्व स्वस्तात द्या. त्यांना मताचा हक्क चुकून दिला गेला असेल तर तोही दुरुस्त होतो. लिनक्स फाउंडेशनने २०१६ च्या जानेवारीत उपविधी बदलून वैयक्तिक सदस्यांचा संचालक निवडण्याचा हक्क काढून टाकला. लोक काही दिवस बोलले, मग कामाला लागले. कोड त्यांनाच लिहायचा होता ना!

बैठकीत कोणी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या जुन्या ओपन सोर्स संस्थेचं नाव काढलं तर चहाची सुट्टी जाहीर करा. तिथे सदस्य म्हणजे माणसं, कंपन्या नव्हेत. सदस्यत्व कामावरून मिळतं, वर्गणी नाही, आणि लाखावर डॉलर देणाऱ्या प्रायोजकालाही मत नाही. १९९९ पासून हे असंच चालू आहे आणि संस्था बुडालेली नाही, ही बाब नवख्या संचालकांच्या मनावर विपरीत परिणाम करू शकते. त्यांना शांतपणे सांगा, की अपाची अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) खाली, म्हणजे लोकहिताची संस्था आहे. आपण ५०१(सी)(६), व्यापारी संघटना. आपण सदस्यांच्या धंद्याचं हित पाहतो, लोकहित झालंच तर हरकत नाही.

जमलेल्या पैशांच्या वाटपात मात्र हात आखडता घेऊ नका. परिषदा, प्रमाणपत्र परीक्षा, ट्रेडमार्कचे वकील, आणि नवे सदस्य मिळवणारे कर्मचारी, जेणेकरून त्यांचे पगार भागवायला नवे सदस्य मिळतील. संघटनेच्या पोटात एकेका प्रकल्पासाठी उपसंघटना काढा, तिची वर्गणी वेगळी ठेवा, आणि तिच्यात यायचं तर मूळ संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं करा. परिषदेचं प्रायोजकत्व अर्थातच त्याहून वेगळं. मेंटेनरांसाठी स्टिकर छापा. चांगल्या प्रतीचे छापा, त्यात काटकसर नको.

कोणी म्हणेल, ज्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडवर, सगळ्यांचे व्यवहार चालतात तिला आधीच थोडे पैसे देऊया. यात धोका आहे : काहीच बिघडलं नाही, तर श्रेय कोणाला? इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक लिपीत सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचं बघा. जगातल्या वेबसर्व्हरांचा मोठा भाग तिच्या भरवशावर होता. तिला देणग्या यायच्या वर्षाला सुमारे २ हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड ही तिच्यातली सुरक्षेची त्रुटी उघडकीस आली, आणि त्याच महिन्यात बड्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, तेही किमान तीन वर्षं, देण्याची घोषणा केली. आधीच्या वर्षी हेच पैसे मागितले असते तर कोणी फोन उचलला असता का? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे ही लायब्ररी तिच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटीमुळे गाजली, तेव्हा ती सांभाळणारे बहुतेक फावल्या वेळात काम करणारे स्वयंसेवक आहेत हे पुन्हा एकदा साऱ्यांना नव्याने कळलं. नव्याने कळण्याची ही क्षमता तुमच्या संघटनेनेही जपावी. निवेदनाचा मसुदा तयार ठेवा, फक्त लायब्ररीच्या नावाची जागा कोरी सोडा.

पुढे कधीतरी एखादा प्लॅटिनम सदस्य नूतनीकरणाच्या वेळी ‘आम्ही धोरणाचा फेरविचार करतोय’ असं कळवेल. म्हणजे तो गोल्डवर उतरणार. तुमचे कर्मचारी, कार्यालय आणि पुढच्या परिषदेचं आगाऊ बुकिंग त्याच्या खुर्चीवर उभं आहे, तेव्हा खड्डा भरावाच लागेल. प्लॅटिनमची वर्गणी वाढवायला जाऊ नका, ठराव त्यांच्याच बैठकीत मांडावा लागतो. सिल्व्हरची वाढवा. त्यांचा प्रतिनिधी एकच आहे, तो विरोधात मत देईल, आणि इतिवृत्तात ‘प्रचंड बहुमताने मंजूर’ असं लिहिता येईल.