अंगणातलं पाणी बोअरमध्ये? त्या ‘पाच रामबाण उपायां’बद्दल

‘पावसाळ्यात अंगणात पाणी साचतंय? इंजिनियरला एक रुपयाही न देता करा हे पाच रामबाण उपाय’ असा एक मेसेज, सोबत एक छोटा व्हिडिओ, सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. शेवटी ‘शिरपूर पॅटर्नने (धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं पाणी मुरवायचं काम) सिद्ध केलेले’ अशी मखलाशी आणि ‘पुढे पाठवा, कुणाचं तरी घर वाचेल’. उपाय असे. एक, जमीन कसलीही असो, पाच बाय पाच बाय पाच फुटांचा शोषखड्डा करा. दोन, अंगणातलं पाणी पाईपने थेट बोअरमध्ये सोडा, अंगण कोरडं आणि बोअर रिचार्ज. तीन, ओल्या जागी २५ किलो जाडं मीठ पसरा, मीठ पाणी ओढून घेतं. चार, मुरूम टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवा. पाच, कोपऱ्यात निलगिरी लावा.

एरवी असल्या मेसेजकडे मी ढुंकून बघत नाही. पण पारोळ्याकडे राहणाऱ्या माझ्या काकांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, हा मेसेज वाचून प्लंबर बोलावला आणि मोरीच्या नालीपासून बोअरपर्यंत फक्कीने रेघ मारून घेतली. फोनवर अडवलं तर म्हणाले, ‘‘भो, मोबाईलमा येल शे, खोटं कसं ऱ्हाई?’’ म्हणून हे लिहितोय. घरांच्या साईटवर माझी हयात चालली आहे, त्यामुळे थोडं चिडून लिहिलं गेलं तर चालवून घ्या.

दुसऱ्या उपायापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या चारांत पैसे वाया जातील, यात माणसं आजारी पडतील.

अंगणातलं पाणी म्हणजे काय असतं? नानांच्याच घरचं सांगतो. गोठ्यातून आलेलं शेण-मूत, धुण्याच्या दगडावरचं साबणाचं पाणी, भांड्यांचं खरकटं. आणि कपाशीच्या दिवसांत फवारणीचा पंप अंगणातच नळाखाली धुतला जातो, त्याचं पांढुरकं पाणी त्याच नालीला लागतं. पाऊस आला की हे सगळं एक होतं. हे पाणी जमिनीवरून झिरपत गेलं तर मातीत गाळलं तरी जातं, जंतू बरेचसे वरच्या थरात मरतात. बोअर म्हणजे ती माती टाळून खाली जाणारी सरळ वाट. वर केसिंग म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाईप, केसिंगखाली उघडा खडक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो काळा पाषाण, आणि त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये. त्या भेगा कुणाच्या प्लॉटची हद्द ओळखत नाहीत. आज तुम्ही सोडलेली घाण उद्या शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येऊ शकते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात १०० मिलि पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडताच कामा नये, आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, त्यात सूट नाही. शेणामुतातून नायट्रेट येतंच. जंतू उकळून मरतात, नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, बाळ निळं पडू शकतं. ‘आम्ही तर जारचं पाणी पितो’ असं म्हणणाऱ्यांनी जार संपलेल्या दिवशी घरात काय होतं ते आठवावं.

बरं, एवढं करून बोअर भरतो का? तेही फार दिवस नाही. गढूळ पाण्यातला बारीक गाळ खडकाच्या त्याच भेगांत जाऊन बसतो आणि जिथून पाणी येत होतं ती वाटच बुजते. रिचार्जच्या नावाखाली चालू बोअर मारायचा हा प्रकार आहे.

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो, नाइलाजाने का होईना. छताचं पाणी जमिनीत मुरवणं चांगलंच. पण ते छताचं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, पत्र्यावरची घाण धुऊन निघते, मग वाळू आणि खडीच्या गाळणीतून पुढे न्यायचं, गाळणी दरवर्षी उपसून साफ करायची. अंगणाचं पाणी त्यात कुठेच येत नाही.

आणि शिरपूरचं नाव यात घुसडलंय त्याचा तर संतापच येतो. सुरेश खानापूरकर भूवैज्ञानिक. शिरपूर तालुक्यात त्यांनी जे काम उभं केलं त्यात मुख्यतः नाले रुंद आणि खोल केले, साखळीने बंधारे बांधले. नाले खोल का केले? वरचा थर पाणी खाली जाऊ देत नव्हता म्हणून तो फोडून खालच्या पाणी घेणाऱ्या थरापर्यंत जायचं होतं. म्हणजे आधी जमिनीत कुठे काय आहे ते पाहिलं, मग मशीन लावलं. ‘जमीन कसलीही असो’ याच्या बरोबर उलटं.

आता तो पहिला उपाय, शोषखड्डा. व्हिडिओत दाखवतात की खड्ड्यात टँकरने पाणी सोडलं आणि ते बघता बघता नाहीसं झालं. जरा थांबवून बघा. कडेची माती भेगाळलेली आहे, मागचं झाड बोडकं आहे. हे चैत्र-वैशाखातलं चित्रीकरण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. त्या वेळी तिच्यात टँकर ओता नाहीतर तळं ओता, भेगा गिळून टाकतील. मृगाचे दोन-चार दणके बसले की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावणात तोच खड्डा काठोकाठ भरून डास पोसत उभा असतो.

हे मी एकटाच म्हणत नाही. आयएस २४७० हे भारतीय मानक आहे, त्याचा भाग २, १९८५ चा. मुळात तो सेप्टिक टँकमधून निघणाऱ्या पाण्यासाठी लिहिलेला आहे, पण मातीत पाणी मुरतं की नाही हा प्रश्न तोच. त्यात परीक्षा कशी घ्यायची ते सांगितलंय. लहानसा खड्डा खणायचा, कडा खरवडायच्या, तळाला थोडी बारीक खडी टाकायची, आणि आधी पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यायची. मोजमाप त्यानंतर. भिजलेल्या मातीत पाण्याची पातळी २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. ३० मिनिटांच्या वर गेलं की तिथे शोषखड्ड्याच्या नादी लागायचं नाही. व्हिडिओवाल्याने नेमकी ती रात्र गाळली.

त्याच मानकात आणखी एक वाक्य आहे, ते नानांना मी मोठ्याने वाचून दाखवलं. असं पाणी मुरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नको. साठ फूट लांब ठेवा म्हणतात, तेही मातीतून गाळून जाणारं पाणी. आणि आपण पाईपने थेट बोअरच्या तोंडात सोडायला निघालो होतो.

घरापासून किमान ६ मीटरही त्यातच आहे. काळ्या मातीत याला जास्तच अर्थ आहे. पायाशेजारी खड्डा करून माती सतत ओली ठेवली तर ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ओट्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी चीर जाते.

हिशेबही बघा. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २३०० लिटर पाणी होतं. पाच फुटी खड्डा रिकामा असताना साडेतीन हजार लिटरचा, पण त्यात दगडगोटे भरल्यावर पाण्याला उरते ती जेमतेम दोन-पंचमांश जागा, म्हणजे १४०० लिटर. एका इंचातच खड्डा उताणा, अंगणाचं पाणी अजून धरलेलंच नाही.

शोषखड्डा सगळीकडेच फुकट असं मात्र नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याच्या वरच्या अंगाला दगडगोटे आणि वाळूचे थर आहेत, तिथे पाणी पटापट मुरतं. काळ्या मातीच्या प्लॉटवरही चार-सहा फुटांखाली मुरूम लागत असेल तर खड्डा त्या मुरमात उतरवा, काम देतो. कुठे काय लागतं हे बोअर मारणाऱ्याला किंवा शेजारी पाया खणणाऱ्या गवंड्याला विचारा, चहाच्या कपात उत्तर मिळेल.

जुन्या गावात हा त्रास का नव्हता? कारण गावठाण पांढरीत, उंचवट्यावर, आणि शेतं काळीत. धाब्याची घरं होती पण पाणी उताराने गल्लीत, गल्लीतून नाल्यात. आता कपाशीचं वावर एनए, म्हणजे बिगरशेती, करून प्लॉट पाडतात, आणि त्या काळीत आपण बंगला बांधतो. ज्या मातीची आपण पाणी धरून ठेवते म्हणून किंमत करत होतो, तिनेच अंगणात पाणी धरलं की तक्रार करतो.

मिठाचा उपाय मात्र कुणाच्या सुपीक डोक्यातून आला देव जाणे. मीठ पाणी ओढतं, पण ओढून ते नेणार कुठे? तिथेच ओलं होऊन बसणार. खरी गंमत पुढे आहे. मिठातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, ते बारीक कण फटींत बसतात आणि जमीन गच्च होते, वर पाणी तरंगतं. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. ज्याच्या वावरात चोपण पडलेलं आहे त्याला जाऊन सांगा की मी पैसे देऊन अंगणात चोपण तयार करतोय! तो जिप्सम टाकून वर्षानुवर्षं ते सोडियम घालवायला बसलाय. शिवाय तेच खारं पाणी प्लिंथला, म्हणजे जोत्याला, लागलं की आतली सळई गंजते, गिलाव्याला पांढरे फुलोरे येतात. तुळस मरेल ते वेगळंच.

मुरूम आणि पेव्हर. अंगण उंच करणं चुकीचं नाही, पण खालच्या काळ्या मातीला उतार न देता वर मुरूम पसरला तर पाणी मुरमातून उतरतं आणि काळ्या मातीवर साचतं. दिसत नाही एवढंच. मग ब्लॉक डुगडुगायला लागतात. आधी खालचा थर उताराला लावून रोलर फिरवा. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत अडीच इंच उतार, लेव्हल ट्यूब लावून. नजरेने नको. आणि उंबऱ्याची उंची विसरून भर टाकू नका.

निलगिरी? ती पाणी पिते, खरंय. पण रोप मोठं व्हायला वर्षं जातील, आणि मग उन्हाळ्यातही तीच पायाखालची माती सुकवेल. पुढे बोलत नाही.

मग करायचं काय, असं नानांनी विचारलं, रागानेच. पाणी कुठून येतं ते आधी बघा. बहुतेक घरांत निम्मं पाणी स्लॅबचं असतं. पन्हाळीचा पाईप अंगणात मोकळा सोडलेला असतो, तो फक्त नालीपर्यंत नेला तरी चिखल कमी होतो. पाऊस नसताना, रब्बीच्या दिवसांत, अंगण ओलं राहत असेल तर वरून नाही, बाजूने पाझर येतोय. गिरणेच्या कालव्याखालच्या भागात किंवा शेजारी पिकाला पाणी भरणं चालू असलेल्या वावरालगत हे होतं. तिथे वरच्या कडेला आडवा चर खणून, फिल्टरचं कापड, खडी आणि भोकांचा पाईप टाकून पाणी वाटेतच धरायचं, भोकं खालच्या अंगाला. पाऊस पडून वर साचणाऱ्या पाण्याला मात्र हा चर काळ्या मातीत फारसा उपयोगाचा नाही, कारण मातीतून पाणी चरापर्यंत पोचतच नाही. त्याला उतार आणि उघडी, साफ करता येणारी नाली. दिसायला साधं, म्हणून व्हिडिओ निघत नाही.

रस्ताच अंगणापेक्षा वर गेला असेल तर अवघड आहे. शहरांत जुना रस्ता न खोदता त्यावर नवीन काँक्रीट ओततात, घरं खाली जातात. नवीन थर पडायच्या आधी गल्लीने मिळून अर्ज द्या, जुना थर उकरून मगच काम करा म्हणावं. ते झालं नाही तर अंगणाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात प्लास्टर केलेलं टाकं, त्यात अर्ध्या एचपीचा पाण्यातला पंप, पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, आणि पाईप नगरपालिकेच्या नालीत. लाईट गेली की पंप बंद, आणि आपल्याकडे पाऊस जोरात आला की आधी लाईट जाते, तेव्हा टाकं जरा मोठंच बांधा.