लॉनवरच्या वाढदिवसाचा खाऊ गार का होता: आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही दोन स्टार दिलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, तो तुमचा हक्क. पण तुमचा अभिप्राय वाचून उद्या दुसरी एखादी आई भर एप्रिलमध्ये उघड्यावर मेयोनीजचं सँडविच ठेवेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला नागपूरच्या फुटाळा तलावाकडच्या लॉनवर आमच्याकडून मुलांचा खाऊ मागवला. सांभारवडी (आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर; तिचं सारण भरून तळलेली पुडाची वडी) गार होती, म्हणजे आदल्या दिवशीची असणार. मेयोनीजचं सँडविच हवं होतं, चटणीचं आलं. द्राक्षांच्या 'चिंधड्या' करून दिल्या. पंचवीस मुलांची ऑर्डर होती, पुरलं नाही. आणि उरलेलं सँडविच टाकून द्या असं आमचा पोरगा म्हणाला, त्याचा तुम्हाला राग आला. अर्धे पैसे परत हवेत.

वडीपासून सुरू करते, कारण 'शिळी' हा शब्द फार लागला. सारण आदल्या रात्री केलेलं होतं, हे खरं, आणि ते आम्ही लपवतही नाही. सांभार धुऊन फॅनखाली कपड्यावर पसरून पार कोरडा करावा लागतो. मग सुकं खोबरं, तीळ, खसखस घालून परतायचं. ओलं खोबरं आम्ही उन्हाळ्यात हातात घेत नाही, ते लगेच आंबतं. हे सारण रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की उलट बरं मुरतं. पण पाती लाटणं, भरणं आणि तळणं हे सगळं तुमच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी झालं. मंद आचेवर तळलेली वडी जाळीवर गार होऊ दिली आणि मगच डब्यात भरली. घाई करून गरम भरली असती तर आतल्या वाफेने झाकणाला पाणी सुटलं असतं, ते टपटप वडीवर पडलं असतं आणि लॉनवर पोहोचेपर्यंत खुसखुशीत पुडाचा मऊ कणकेचा गोळा झाला असता. ते खाऊन तुम्ही एक स्टार दिला असता, आणि तो मीही मान्य केला असता.

कॅसरोलमध्ये गरम ठेवून का नाही दिली, असंही विचारलंय. अन्न गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर ठेवावं लागतं, गार ठेवायचं तर 5 अंशांच्या खाली. मधलं कोमट म्हणजे जंतूंची चंगळ. कॅसरोलमध्ये काही वेळाने राहतं ते नेमकं कोमट. कोरडी तळलेली वडी साध्या हवेत चांगली राहते, कारण तिच्यात पाणीच कमी असतं. हिवाळ्यात कढईतून थेट ताटात, वर कढी, ती मजा वेगळीच. तिची सर लॉनवरच्या वडीला येणार नाही, हे मी आधीच बोलले होते.

कोणाशी बोलले होते? इथे जरा गोंधळ आहे. ऑर्डर तुमच्या घरच्या भाऊंनी दिली. मेयोनीज आणि क्रीमचे कप आम्ही नको का म्हणतोय ते मी त्यांना फोनवर सांगितलं, मग चटणीचं सँडविच, छोट्या इडल्या, सांभारवडी, नानकटाई आणि द्राक्षं अशी यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली, आणि भाऊंचा 'ओके, चालेल' असा निरोप आला. तो निरोप घरात पुढे गेला नसेल तर त्यात मी पडत नाही.

मेयोनीजबद्दल मात्र सांगते, कारण हे सगळेच विचारतात. बाटलीतलं मेयोनीज आंबट असतं, ते एकटं इतक्या पटकन बिघडत नाही. त्यात पनीर आणि उकडलेला मका कालवला की प्रकरण बदलतं. असे ओले, नाशवंत पदार्थ बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. आपल्याकडे एप्रिलात संध्याकाळी पाचलाही पारा चाळिशीच्या आसपास असतो. केक कापायला सहा वाजतात, मग फोटो, मग खाणं. हिशेब तुम्हीच करा. चटणीच्या सँडविचला ब्रेडच्या कडेपर्यंत लोणी लावलं होतं, म्हणजे चटणीचं पाणी आत झिरपत नाही. काकडी मुद्दाम घातली नाही, मीठ लागलं की ती पाणी सोडते. वर ओलं मलमल आणि खाली बर्फाच्या पिशव्या. तरी पेटी उघडून टेबलावर मांडल्यावर त्यालाही तोच एक तासाचा नियम. म्हणून आमच्या पोराने उरलेलं टाकायला सांगितलं. त्याला तसं सांगायला मीच शिकवलंय. अन्न टाकताना माझाही जीव खालीवर होतो, पण रात्री अकराला तेच सँडविच कोण्या लेकराने खाल्लं आणि पोट बिघडलं, तर फोन मलाच येणार. वड्या आणि नानकटाई घरी न्या, हेही त्याने सांगितलं होतं. ते अभिप्रायात आलं नाही.

द्राक्षांवर माझं एकच उत्तर आहे आणि त्यात बदल होणार नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष द्यायचं नसतं. ते गुळगुळीत असतं, नेमकं घशात बसतं आणि श्वास अडतो. उभे चार तुकडे करायचे, आडवे दोन नाहीत. शेंगदाण्याची चिक्की आणि पॉपकॉर्न याच कारणाने यादीत नव्हते, आणि पळत्या पोरांच्या हातात टोकदार काड्या नकोत म्हणून इडल्यांना टूथपिकही नव्हत्या. फोटोत प्लेट साधी दिसली असेल. दिसू दे.

राहिलं पुरण्याचं. पंचवीस मुलांचं सांगितलं, पंचवीस मुलांचं दिलं, वर थोडं जास्तच घातलं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत वड्यांच्या ताटाभोवती काका-मामाच जास्त दिसून राहिले आहेत, ताई. मोठी माणसं येणार असतील तर आकडा त्यांच्यासकट सांगा. त्यांच्यासाठी तिखट वडी आणि ठेचा वेगळा देता येतो.

त्यामुळे अर्धे पैसे परत देणार नाही. ठरलं तेच आलं, ताजं आलं आणि वेळेत आलं.

गरमच हवं असेल तर एक सोय आहे. लॉनवाले शेगडी लावू देत असतील तर आमचा माणूस येऊन समोर वड्या तळून देतो. त्याचे पैसे वेगळे पडतात, दोन दिवस आधी कळवावं लागतं आणि शेगडी मुलांच्या खेळण्यापासून लांब लावायची जागा तुम्ही बघून ठेवायची. मेयोनीजचं सँडविच हवं असेल तर डिसेंबर-जानेवारीत बिनधास्त मागवा, तेव्हा मीच देते, बर्फाच्या पेटीसकट.