घरबसल्या लसतज्ज्ञ व्हा

मुलाला लस द्यायची की नाही याचा 'स्वतः अभ्यास' करायचं ठरवलंत, अभिनंदन. विषाणूशास्त्र, साथरोगशास्त्र असल्या भानगडींत लोक आयुष्याची दहा-दहा वर्षं फुकट घालवतात. तुमचं काम एका रात्रीत, पलंगावर पडल्या पडल्या उरकणार आहे. मोबाइल चार्ज असला म्हणजे झालं.

फक्त अभ्यासाची दिशा नीट समजून घ्या. शास्त्रज्ञ मंडळी प्रश्नापासून निघतात आणि उत्तरासाठी वर्षानुवर्षं भटकत बसतात. तुम्ही उत्तरापासूनच निघा: लसीमुळे ऑटिझम होतो. एवढं एकदा पक्कं केलं की डोक्याला ताप नाही. मग फक्त 'कसा होतो' हे शोधायचं, आणि ते दर दोन-चार वर्षांनी बदललं तरी कुणी जाब विचारत नाही.

सुरुवातीला कॅलेंडर पुरे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, म्हणजे एमएमआर, बऱ्याच देशांत मूल वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की पहिल्यांदा टोचतात. मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, आलेले चार शब्दही हरवत चाललेत, ही ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात तीही बहुधा त्याच सुमाराला किंवा त्यानंतर थोड्याच महिन्यांत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं जुनी माणसं म्हणायची. तुम्ही नव्या युगाचे आहात, कावळ्याला सोडू नका. त्याच वयात मुलाला दाढाही येतात, मग त्याही लसीमुळेच का, असं कुणी खवचटपणे विचारलं तर 'तुम्हाला आईचं दुःख काय कळणार' असं म्हणून विषय संपवा. १९९४ साली अमेरिकी संशोधकांनी पहिल्या वाढदिवसांचे घरगुती व्हिडिओ तपासले होते. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांत फरक तिथे, केक कापतानाच, दिसत होता. हे तुमच्या वाचनात येणार नाही याची काळजी घ्या.

वाढदिवसावरून आठवलं. कुठल्याही विद्येला गुरू लागतो आणि आपले आद्य गुरू अँड्र्यू वेकफील्ड. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले हे डॉक्टर. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या मातब्बर नियतकालिकात त्यांनी बारा सहकाऱ्यांसह एक निबंध छापला. मुलंही बाराच. म्हणजे दर मुलामागे एकाहून अधिक लेखक. एवढं वैयक्तिक लक्ष आजकाल कोण देतं? आतड्याचा विकार, ऑटिझम आणि एमएमआर यांची सांगड त्यात सुचवली होती. संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्या निबंधात स्वच्छ लिहिलेलं आहे, पण निबंध वाचतो कोण? पत्रकार परिषद असते ना.

गुरूंच्या चरित्रातला एक प्रसंग प्रत्येक शिष्याने पाठ करावा. संशोधनासाठी निरोगी मुलांचं रक्त हवं होतं. घरी मुलाचा वाढदिवस होता, पोरं आयतीच जमलेली. तिथेच त्यांच्या दंडांत सुया घातल्या आणि प्रत्येकाच्या हातावर ५ पौंड टेकवले. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका सभेत गुरूंनी हा किस्सा रंगवून सांगितला: दोन पोरं बेशुद्ध पडली, एक आपल्या आईच्या अंगावर ओकलं. श्रोते हसले. त्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. लेकराला सुई टोचणं म्हणजे अत्याचार, हे आपलं मत एवढ्या प्रसंगापुरतं बाजूला ठेवा.

लस कंपन्या पैशासाठी काहीही करतात, हे वाक्य तर दिवसातून तीनदा म्हणायचंच. म्हणताना ब्रायन डीअर या पत्रकाराने 'संडे टाइम्स'साठी खणून काढलेल्या गोष्टी आठवू नका. लस उत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांच्या बाजूने गुरूंनी काम केलं आणि त्याचे चार लाखांहून अधिक पौंड घेतले. तेही सरकारी कायदेविषयक मदतनिधीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. १९९७ साली, निबंध छापून यायच्या आधीच, त्यांच्या नावाने गोवराच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी अर्जही गेला होता. पैशाने माणूस बिघडतो हा नियम फक्त समोरच्या बाजूला लागू आहे.

२००४ मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी त्या निबंधातल्या अर्थापासून हात झटकले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंधच मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने गुरूंचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने मुलांच्या मूळ नोंदी पडताळून या सगळ्याला सरळ लबाडी म्हटलं: काही मुलांत वाढीच्या तक्रारी लसीच्या आधीपासूनच होत्या, तर ऑटिझम झाला म्हणून दाखवलेल्या तिघांना त्याचं निदान झालेलंच नव्हतं. नवशिका इथे खचतो. तुम्ही खचू नका. निबंध छापला गेला तो पुरावा, आणि मागे घेतला गेला तो कट. या एका वाक्यावर आपलं अख्खं शास्त्र उभं आहे. गुरूला शिक्षा झाली नसती तर तो नुसता एक डॉक्टर राहिला असता. शिक्षा झाली म्हणून हुतात्मा झाला.

आता आकडेवाले येतील. डेन्मार्कवाले तर हटकून येतात. त्या देशात प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची खोड आहे. तिथे आधी ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये छापून आला. मग २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांचा. दोन्हीकडे लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त सापडला नाही. भावंडाला ऑटिझम असलेल्या, म्हणजे मुळातच धोका अधिक असलेल्या मुलांतही नाही. जपानमधलं योकोहामा आणखी त्रासदायक. तिथे एमएमआर १९९३ मध्ये बंदच झाली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमची निदानं वाढतच गेली. साडेसहा लाखांसमोर तुमच्याकडे एकच उदाहरण असेल, कुणाच्या तरी नात्यातलं. पुरे आहे. साडेसहा लाख मुलं रडत नाहीत. व्हिडिओत एकच आई रडते, आणि तिचं रडणं खरं असतं. तेवढ्याच भांडवलावर आपला धंदा चालतो.

तरीही एखादा चिवट निघाला, तर जागा बदला. यात आपल्या चळवळीचा हात कुणी धरणार नाही. एमएमआरवर टिकाव लागेना, तेव्हा आपण थायोमर्सल या, लसी टिकवायला घालत असलेल्या, पाऱ्याच्या संयुगाकडे वळलो. ते एमएमआरमध्ये कधीच नव्हतं, पण एवढा तपशील बघितला तर कामं कशी व्हायची? अमेरिकेने ते १९९९ पासून काढायला घेतलं आणि २००१ पर्यंत, फ्लूच्या काही बाटल्या सोडल्या, तर लहान मुलांच्या लसींतून ते जवळजवळ गेलंच. ऑटिझमचे आकडे खाली यायला हवे होते. त्या पठ्ठ्यांनी वर जायचं ठरवलं: अमेरिकेतल्या पाहणीत २००० साली १५० मुलांत एक, २०२२ साली ३१ मुलांत एक. मग आपण म्हणालो, पारा नाही तर नाही, फार लसी फार लवकर देतात. मग काही लसींतलं ॲल्युमिनियम धरलं. २०२५ मध्ये डेन्मार्कवाल्यांनी बारा लाख मुलांच्या नोंदी काढून तेही निकालात काढलं. (या देशाला दुसरा उद्योग नाही का?) हरकत नाही. रसायनांची यादी भली मोठी आहे आणि आपल्याला कुठे घाई आहे?

तो वाढलेला आकडा मात्र जपून वापरा. तो नुसता दाखवायचा, समजावून सांगायचा नाही. १९८० मध्ये ऑटिझमची व्याख्या किती चिंचोळी होती, १९९४ मध्ये ती किती रुंदावली, पूर्वी ज्यांना 'मतिमंद' म्हणून संस्थांमध्ये टाकलं जायचं किंवा शाळेत 'विक्षिप्त' म्हणून सोडून दिलं जायचं त्यांना आता निदान मिळतं, यात शिरलात की फसलात. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा दिसतो, मेंदूतले फरक जन्माआधीच सुरू होतात, असंही कुणी सांगेल. त्याने होतं काय, की दोष द्यायला कुणी उरत नाही. दोष देण्याची आपली परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुनो बेटेलहाइमसारखे पंडित सांगायचे की आईची माया थंड, फ्रिजसारखी, म्हणून मूल असं झालं. एका पिढीतल्या आया तो डाग घेऊन जगल्या. आता आपण आईला सांगतो, तूच त्याला दवाखान्यात नेलंस, तूच त्याचा दंड धरून बसलीस. कारण बदललं, पण आरोपी तीच ठेवली.

रुबेलाबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. एमएमआरमधला शेवटचा आर तो. १९६४-६५ मध्ये, लस यायच्या आधी, अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदर बायकांना तो अंगावर नुसतं पुरळ उठवून गेला, पण पोटातल्या बाळांना सोडलं नाही. सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली: कुणाला ऐकू येईना, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कुणाच्या हृदयात दोष. स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये त्यातली २४३ मुलं तपासली. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यांत ऑटिझमचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. थोडक्यात, ऑटिझमशी नातं असलेला एक विषाणू खरोखरच सापडला होता, आणि तो रोखणारी लस नेमकी तीच, जिच्याविरुद्ध तुम्ही सह्या गोळा करताय. गटात हे कुणी टाकलंच, तर तातडीने गुड मॉर्निंगची फुलं टाका, म्हणजे मेसेज वर सरकून जाईल.

गोवर? 'आमच्या वेळी सगळ्यांना यायचा, काही होत नव्हतं.' ज्यांना झालं ते हे वाक्य खोडायला येत नाहीत, ही मोठीच सोय. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तग धरतो, एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो, म्हणून साथ रोखायला पंचाण्णव टक्के मुलांना लस द्यावी लागते, वगैरे. गोवर झाला की शरीराने आधी कमावलेली इतर रोगांविरुद्धची प्रतिकारशक्तीही पुसली जाते, हे २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातून दिसलं. तरीही ठामपणे म्हणा: नैसर्गिक प्रतिकारशक्ती ती नैसर्गिकच.

धीर खचला तर वेल्समधलं स्वान्झी आठवा. १९९८ नंतरच्या घबराटीत ज्यांची लस टळली ती पोरं तोवर शाळा-कॉलेजात पोचली होती. २०१२-१३ मध्ये गोवर त्यांना शोधत आला आणि बाराशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी पेरलेलं उगवतं, याहून टिकाऊ काम कुठलं?

सामोआचा धडा जास्त झोंबेल. प्रशांत महासागरातला दोन लाख वस्तीचा हा देश. २०१८ मध्ये तिथे एमएमआर टोचल्यावर दोन बाळं दगावली. परिचारिकांनी लसीच्या पुडीत पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं औषध मिसळलं होतं. त्यांना शिक्षाही झाली. आपल्याला तपशिलाशी देणंघेणं नाही. लस आणि मृत्यू हे दोन शब्द एका ओळीत आले, काम झालं. लसीकरण काही महिने थांबलं, पुढे सुरू झालं तरी लोक फिरकेनात, आणि २०१९ च्या अखेरीला गोवर आला. ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची पोरं. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले आणि सांगितलं, ज्या घरात लस राहिली आहे त्यांनी दारावर लाल कापड बांधा. पथकं रस्त्यारस्त्याने लाल कापड शोधत फिरली. एरवी लस नको म्हणणाऱ्या माणसांनी स्वतःच्या हाताने दाराला लाल चिंधी बांधली आणि उंबऱ्यात वाट बघत उभी राहिली. असले फोटो पुढे पाठवू नयेत.

भीती पसरली की उपाय विकायला मोकळे. शरीरातला पारा काढायचं म्हणून मुलांना शिरेतून औषधं देणारे निघाले. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा अशा उपचारात दगावला. कुणी क्लोरीन डायऑक्साइड, म्हणजे ब्लीचच, बाटलीत भरून 'चमत्कार' म्हणून विकलं आणि आईबापांनी ते लेकरांना पाजलं. लसीत कुठली रसायनं आहेत ते दहादा विचारणाऱ्यांनी या बाटलीवरचं लेबल वाचायचं नसतं.

शेवटची अडचण तेवढी सांगून ठेवतो, कारण तिची तयारी कुणीच करून घेत नाही. एखाद्या दिवशी तुमच्या चर्चेत पंचविशीची एक मुलगी येईल. म्हणेल, मी ऑटिस्टिक आहे, नोकरी करते, गर्दीत कानांवर हेडफोन लावते. तुमचं सगळं वाचलं. म्हणजे मी अशी होण्यापेक्षा गोवराने गेलेली बरी होते, असंच ना? गडबडून जाऊ नका. तिला उत्तर देऊ नका, तिच्याबद्दल बोला. 'हिच्या आईने किती सोसलं असेल' असं लिहा, खाली हात जोडलेली चिन्हं टाका. आठ-दहा जण तेच लिहितील. ती पुन्हा विचारेल. तेव्हा ॲडमिनला सांगून तिला गटातून काढा, आणि ॲल्युमिनियमचा तो व्हिडिओ पुन्हा एकदा टाका.